भेगांचा कागद

लातूर नवा जिल्हा झाला, नवं कलेक्टर ऑफिस थाटलं, आणि पावसानं दडी मारली. बाजारात आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटो नवरा काढायचा आणि अंधाऱ्या खोलीत ते कागदावर उतरवायची मी. कौतुक मात्र त्याचंच व्हायचं.

एकदा ऑफिसनं दुष्काळाचे फोटो मागवले. वरचे साहेब पाहणीला येणार, त्यांना दाखवायला अल्बम हवा होता. नवरा आटलेल्या तलावाचा फोटो घेऊन आला. तळाला गुडघ्यापर्यंत पाय जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

फोटो उतरवायचे कागद दोन तऱ्हेचे होते, सॉफ्ट आणि हार्ड. सॉफ्टवर सगळं मऊ, राखाडी उतरायचं. नवरीच्या तोंडावरचे फोड त्यात विरून जायचे. हार्डवर काळं ते काळंच दिसायचं. मी कुणाला न विचारता हार्ड उचलला.

हेडक्लार्क फोटो न्यायला आले आणि बघताच त्यांचं तोंड वाकडं झालं.

"बाई, हे लई भडक झालं. नव्या जिल्ह्याची शोभा होईल. लग्नाचे फोटो करता तसं गुळगुळीत करा."

"हाव साहेब, करतो," नवरा घाईनं म्हणाला.

"न्हाई," मी म्हणाले. "कागद मी निवडते."

"मग भेगा तरी जरा कमी करा!"

"साहेब, भेगा तलावात हायत. तिथं पाऊस पाडा, हितं आपोआप कमी होतील."