शेजारणीची म्हैस

गेल्या वर्षी भाद्रपदात, एका मंगळवारी, बदनावरजवळच्या एका गावात उघडकीस आलं की ज्या वीस म्हशींना खनिज मिश्रण द्यायचंच नव्हतं, त्या आठ आठवड्यांपासून ते रोज खात होत्या.

प्रयोग माझ्या धाकट्या बहिणीचा. ती सरकारी पशुवैद्य. उदयनगरच्या जंगलभागात सात वर्षं नोकरी केल्यावर तिला पीएचडीसाठी अभ्यासरजा मिळाली आणि तिने धारला खोली घेतली. गावातल्या चाळीस म्हशींपैकी निम्म्यांना आंबोणातून मिश्रण द्यायचं, निम्म्यांना नाही, आणि व्यायल्यानंतर कोणत्या म्हशी लवकर माजावर येतात ते पाहायचं. कोणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. रजा फाल्गुनात संपणार होती. तोवर निष्कर्ष हाती आला नाही तर प्रबंध गुंडाळून पुन्हा उदयनगरला हजर व्हायचं, हे लेखी होतं.

मी देवासला राहतो. वार्ताहराच्या नोकरीतून निवृत्त. गाडी चालवणं आणि संमतिपत्रांवर साक्षीदार म्हणून सही करणं ही माझी कामं.

त्या मंगळवारी मिश्रण न मिळालेल्या एका म्हशीच्या गव्हाणीत बहिणीला पांढरी भुकटी दिसली. तिने बोटावर घेऊन वास घेतला. मग शेजारच्या घरी गेली. त्या घराला मिश्रण मिळत होतं. घरची बाई साठीच्या पुढची, शेण थापत बसलेली. तिने काही लपवलं नाही. माळवीत म्हणाली, "एक ही बाडा में म्हारी भैंस खावे ने वा ऊबी-ऊबी देखे, यो कंई अच्छो लागे, डाक्टर बई?"

"म्हणून तुम्ही तिलाही दिलं?"

"आधो-आधो. बराबर. चम्मच से नाप के."

दुपारपर्यंत आम्ही उरलेली घरं पालथी घातली. सगळीकडे हेच. चिठ्ठी ज्यांच्या नावाने निघाली त्यांनी शेजारणीशी निम्मं वाटून घेतलं होतं, तेही न चुकता, रोज, चमच्याने. इतकी काटेकोर मोजणी बहिणीच्या शनिवारच्या संशोधन-प्रशिक्षणवर्गातही झाली नव्हती. ज्यांना सगळं मिळायचं त्यांना अर्धं मिळालं, ज्यांना काहीच मिळायचं नव्हतं त्यांनाही अर्धं.

दर आठवड्याच्या अर्जात एक प्रश्न होता: दिलेलं मिश्रण वाया गेलं का? वीसही घरांनी आठही आठवडे 'नाही' असं उत्तर दिलं होतं. उत्तर खरं होतं. प्रश्नावली बहिणीने लिहिली होती आणि ती मी तपासून दिली होती. मी तिच्यात दोन स्वल्पविराम घातले होते.

परतताना गाडीत तिने प्रश्नावली काढून तोच प्रश्न पुन्हा वाचला. मग म्हणाली, "दादा, तू नोकरीत असतास तर ही बातमी दाबली असतीस?"

"जाहिरातदाराची असती तर."

"म्हशी जाहिरात देत नाहीत."

"मग छापावी लागेल."

शनिवारी तिने वर्गात सगळं सांगितलं; मी मागच्या बाकावर होतो. वर्गात अर्धे माणसांचे डॉक्टर, अर्धे पशुवैद्य. डॉक्टर म्हणायचे, आमचे रोगी खोटं बोलतात. पशुवैद्य म्हणायचे, आमचे नाही बोलत, त्यांचे मालक बोलतात. हा वाद त्या दिवशी मिटला; खोटं कोणीच बोललं नव्हतं. धारचाच एक तरुण डॉक्टर बाळंतिणींना लोहाच्या गोळ्या देऊन रक्त तपासत होता. चहाच्या वेळी तो बहिणीजवळ आला. "ताई, मी पण काल विचारून पाहिलं. माझ्याकडे सुनेच्या गोळ्या सासू खातेय. सुनेने स्वतःच दिल्यात." मग माझ्याकडे वळून, भैयाचा माळवी 'भिया' करत, "भिया, हे छापू नका हां."

"मी निवृत्त आहे," मी सांगितलं.

"वही तो. फुरसत है ना तुम्हाला."

मार्गदर्शक हसले नाहीत. पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी बहिणीला एक संधी दिली. आता घरनिहाय नाही, गावनिहाय. बदनावरजवळच्या या गावात सगळ्या म्हशींना मिश्रण, सरदारपूरकडच्या दुसऱ्या गावात एकीलाही नाही. तिकडच्या लोकांना प्रयोग संपल्यावर मिळेल, असं आधीच सांगायचं. दोन गावांमध्ये दोन बस बदलाव्या लागत. "आणि तिकडे एका जरी म्हशीच्या तोंडात ही भुकटी गेली," ते म्हणाले, "तर विषय बंद. मला कळवायचं आणि उदयनगरला हजर व्हायचं."

कार्तिकात नवा प्रयोग सुरू झाला. अर्जात प्रश्न बदलला: मिश्रण आणखी कोणाच्या म्हशीला दिलं का? माघापर्यंत प्रत्येक घराचं उत्तर 'नाही' होतं. बदनावरकडच्या म्हशी माजावर येऊ लागल्या होत्या. बहिणीने प्रबंधाचं दुसरं प्रकरण लिहायला घेतलं.

माघात एका गुरुवारी आम्ही सरदारपूरकडच्या गावात होतो. साडेअकराच्या बसमधून, भाद्रपदात शेण थापत बसलेली तीच बाई उतरली. डोक्यावर गाठोडं, हातात पिशवी.

बहीण पुढे झाली. "तुम्ही इथे कशा?"

"छोरी को सासरो हे यां. वणकी भैंस काल ब्याणी." लेकीची म्हैस व्यायली म्हणून ती आली होती. गाठोड्यात गूळ, मेथीचे लाडू.

"आणि पिशवीत?"

बाई हसली. "थारे तो सब मालूम हे."

"कोणाच्या वाट्यातलं?"

"म्हारी भैंस को. आठ दन से बचायो. दूसरा के नी दियो, थने मना कर्यो थो." दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही हे तिने पाळलं होतं. लेक तिच्या हिशेबात दुसरी नव्हती.

बहिणीने हात पुढे केला. बाईने आधी लाडू काढून तिच्या हातावर ठेवला. मग माझ्या. मग थोडा विचार करून पिशवी दिली, आणि म्हणाली की प्रयोग संपल्यावर लेकीच्या घरी आधी यायचं, चिठ्ठी टाकायची नाही. बहिणीने हो म्हटलं.

पिशवी तिथेच काट्यावर ठेवली. चारशे ग्रॅम भरली, आठ दिवसांच्या वाट्याइतकी. बहिणीने बाईच्या म्हशीचे आठ दिवस प्रयोगातून वगळले आणि मार्गदर्शकांना फोनवर कळवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला: तिकडच्या म्हशीच्या तोंडात काही गेलं का? उत्तर नोंदवहीत आहे: वेळ अकरा चाळीस, पिशवीची गाठ सुटलेली नव्हती, प्रयोग पुढे चालू. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.