तिसऱ्याची पानं

पुस्तक हातात आलं की त्या ते मागून उघडायच्या. शेवटची चार पानं उभ्याउभ्या वाचायच्या, बांधणीची खळ लागलेला अंगठा पदराला पुसायच्या आणि विचारायच्या, "दोघांचं जमलं, ते कळलं. तिसऱ्याला कुठं ठिवलं?"

मुलांनो, परवा फोनवर तुम्हा दोघांची जुंपली होती. त्या कादंबरीतल्या मुलीनं पंखवाल्या राजपुत्राकडं जावं की सावलीतून येणाऱ्या दुसऱ्याकडं, यावरून. तुम्हाला वाटतं, हा तिढा तुमच्या पिढीनं शोधला. फोन ठेवला आणि मला या बाई आठवल्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सकाळी कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि दुपारी बारामतीतलं महिलांचं एक लहान वाचनालय सांभाळायची. दर गुरुवारी त्या इंदापूरहून एस.टी.नं यायच्या आणि फाटलेली पुस्तकं बांधून द्यायच्या. वय पंचेचाळिशीचं. पिशवीत दाभण, दोरा, पुठ्ठे. एका जागी बसणं त्यांना जमत नसे. दोन टाके घातले की उठायच्या, खिडकीपर्यंत जायच्या, परत यायच्या. "बसा की जरा," म्हटलं तर म्हणायच्या, "बसले तर इचार येत्यात, बाई."

आमच्याकडं सगळ्यात जास्त फाटायच्या त्या अद्भुत प्रेमकथा. एक राजकन्या, एक गंधर्व, एक नागकुमार. तीनशे पानं तिची घालमेल, शेवटी गंधर्वाच्या गळ्यात माळ. आणि नागकुमार? तो 'धुक्यात दिसेनासा झाला'.

"धुक्यात जाऊन खातो काय त्यो?" बाई चिडायच्या.

दवाखान्यातल्या एक नर्सबाई गंधर्वाच्या बाजूच्या. त्या म्हणायच्या, "गंधर्वच बरा. गातो तरी."

"गाऊन पोट भरतं व्हय? नागाकडं पानी हाय. बारा म्हैन्याचं."

"अहो, पण तिचं प्रेम आहे ना त्याच्यावर!"

"असू दे की. माझं काय म्हननं न्हाय. माळ एकच हाय, तवा एक ऱ्हानारच मागं. पर त्याचं फुडं काय, ते सांगायला नको?"

एके दिवशी पणदऱ्याची एक मुलगी पुस्तक परत करताना म्हणाली, "मॅडम, नागकुमाराचा भाग लई आवडला. बाकीच्या पुस्तकांत तिसऱ्याचा भाग का नसतो?"

मी पुस्तक उघडलं. पुठ्ठा चढवण्याआधी बांधणारा शेवटी दोन कोरी पानं शिवतो. बाईंनी चार शिवली होती. जास्तीच्या दोन पानांवर, निळ्या बॉलपेननं, शाळकरी वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं:

'नागकुमार धुक्यातून निघून कळस गावाला आला. तिथं त्याने विहीर खोदली. पाणी त्याच्या ओळखीचे, म्हणून लवकर लागले. त्याने दोन म्हशी घेतल्या. दुपारी राजकन्येची आठवण येई. पण म्हशींना पाणी दाखवायची वेळ होई, त्यामुळे आठवण फार थांबत नसे.'

मी कपाट धुंडाळलं. अकरा पुस्तकं निघाली. कुठल्या यक्षानं काटेवाडीला भाजीचा मळा केला होता, कुठली टाकलेली अप्सरा शिवणाचे क्लास घेत होती. त्या अप्सरेपाशी मी हसले. मग हसू थांबलं.

"हे काय आहे?" मी गुरुवारी विचारलं.

त्या जागच्या हलल्या नाहीत. "मला पोर झालं न्हाय, बाई. आठ वर्सांनी मालकानं दुसरी आनली. मला कुनी हाकललं न्हाय. पर दोघं बोलत असली आन् मी आत गेले, की गप व्हायची. रोजचंच. मंग मीच उठले, भावाकडं इंदापूरला आले. छापखान्यात हे शिकले. माझं फुडं काय झालं, कुनी इचारलंच न्हाय."

मी त्यांना काहीच बोलले नसते. पण वाचनालयाच्या कमिटीतल्या एका बाईंच्या हाती तसं पुस्तक पडलं. पुस्तकात बाहेरचा मजकूर चालणार नाही, असं ठरलं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. नियम म्हटला की मी पाळते. मी त्यांना पानं कापायला सांगितली.

"हुकूम हाय, कापते," त्या म्हणाल्या. अकराच्या अकरा पुस्तकांतली पानं त्यांनी मुळाशी कापली, दोरा न दुखवता. शेवटचं पान हातात धरून म्हणाल्या, "म्हंजी आता त्यो परत धुक्यात गेला का?"

मी नोंदवहीत डोकं घातलं.

दोन-तीन आठवड्यांनी, गुरुवारीच, दारात एक तिशीची बाई येऊन उभी राहिली. उन्हानं लाल झालेली, पायात स्लीपर. बाईंनी तिला पाहिलं आणि दाभण खाली ठेवलं. ती त्यांची सवत होती.

"आक्का, ह्यांचं एक अंग गेलंय. अंथरुनाला खिळल्यात."

"मंग दवाखाना हाय की. माझ्याकडं काय?"

"त्यांच्यासाठी न्हाय आले." ती उंबऱ्यातच बसली. "भावबंद म्हनत्यात, तू कोन? लग्नाची बायको इंदापूरला हाय. हे गेले की पोरं घिऊन माहेरची वाट धर. आक्का, तुमी घरात असला तर मला कुनी भाईर काढनार न्हाय."

बाई उठल्या. खिडकीपाशी गेल्या, कपाटापाशी गेल्या, परत खिडकीपाशी. हातातलं पुस्तक शिवायला घेतलं आणि पानांचा एक जुडगा उलटा शिवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उसवला, पुन्हा उलटाच शिवला.

मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेल्या. काय करू?"

मी शिकलेल्या बाईसारखंच उत्तर दिलं. "कायद्यानं पत्नी तुम्हीच. जायची सक्ती तुमच्यावर कुणाचीच नाही."

"त्ये म्हाईत हाय. म्हनून तर पाय ठरंनात." त्यांनी उंबऱ्याकडं पाहिलं. "इतकी वर्सं वाटायचं, तिसरी मीच. आन् ही बघा, कशी बसलीया."

पुस्तक त्यांनी तिसऱ्यांदा उसवलं आणि नीट शिवून मगच पिशवी उचलली. दारात सवतीला म्हणाल्या, "ऊठ. आन् रडायचं न्हाय माझ्याम्होरं. रडायचा पयला नंबर माझा हाय." ती रडतारडता हसली. पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

वर्षभर मी कुणाकुणाला विचारत राहिले. शेवटी राहवेना, म्हणून एका रविवारी पणदऱ्याच्या पुढं असलेल्या त्यांच्या सासरच्या वस्तीवर गेले. अंगणात दोन पोरं खेळत होती. त्यांची सवत एकटीच गोठ्यातून बाहेर आली. तिनं मला ओळखलं.

"हे गेले, बाई. आक्कांनी शेवटपत्तुर समदं केलं. भावबंद आले तवा दारात उभ्या ऱ्हाऊन म्हनल्या, 'ही माझी धाकटी भन. हिला हात लावायचा तर आदी मला लावा.' मंग मला बारामतीला कचेरीत नेऊन आपला हिस्सा पोरांच्या नावावर सोडला. मी म्हनलं, हितंच ऱ्हावा. व्हय म्हनल्या. चार दिस ऱ्हायल्या पन. पाचव्या दिशी सकाळी धार काढली, दूध डेअरीला घातलं, आन् तिकडूनच गेल्या."

"भावाकडं?"

"तितं न्हाईत. आमी जाऊन आलो."

तिनं चहा आणून दिला. बोलताबोलता फाट्यावर एस.टी. थांबल्याचा आवाज आला. ती अर्ध्या वाक्यात उठली, बांधावर गेली आणि कपाळावर हात धरून उभी राहिली. मीही उठले. दोन माणसं उतरली, एक पोतं उतरलं. गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत ती तिथंच होती.

मग परत आली. "चा निवला की, बाई," म्हणाली आणि माझ्या हातातला कप घेऊन पुन्हा गरम करायला आत गेली.