पेला उलटा करून दाखवा

दुकानात आलेल्या माणसाचं मनगट आधी धरायचं आणि मग बोलायचं, ही अप्पांची पद्धत. नाडीबिडी काही बघायचे नाहीत, नुसती पकड. त्या पंजात मनगट सापडलं की माणूस खोटं बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. "पाणी किती पितोस ते सांग आदी. रडगाणं मागनं."

शुक्रवार पेठेत त्यांचं काष्ठौषधीचं दुकान होतं. गिऱ्हाईक बहुतेक एकाच तक्रारीचं, पोट साफ होत नाही. अशी तक्रार माणूस मोठ्यानं सांगत नाही. इकडेतिकडे बघत, फळीवर ओणवं होऊन, कानात सांगितल्यासारखं सांगतो. तुम्हीही असंच सांगितलं असतं. अप्पा ते ऐकून घ्यायचे आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "चार दिस? चार दिस झालं न्हाय?" गल्लीत कुणाचं काय अडलंय हे सगळ्यांना ठाऊक असायचं, ते अप्पांमुळे.

अंगानं प्रचंड. तरुणपणी कुस्त्या केलेल्या, त्यात डावा कान चुरगळून गेलेला. कपाळावर विभूतीचे पट्टे. घर अक्कलकोटकडचं, घरात बोलणं कानडी. मराठीही चांगलं बोलायचे, पण राग अनावर झाला की कानडीत शिरायचे, आणि राग तर दिवसातून चार वेळा अनावर व्हायचा. फळीवर एक लोखंडी बत्ता असे. तो औषध कुटायला कमी आणि आपटायला जास्त उपयोगी पडायचा. कुणी वैद्य म्हटलं की म्हणायचे, "मी दुकानदार हाय. वैद्य तिकडं, दवाखान्यात."

मी त्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. जवळच्या एका शाळेत शिकवत होते. एका संध्याकाळी मी पदर तोंडावर धरून खाली गेले आणि जरा जोरदार काहीतरी द्या म्हटलं. जमालगोट्याचं नाव मी घेतलं मात्र, बत्ता फळीवर असा आदळला की वरच्या बरण्या हलल्या. माझं मनगट त्यांनी धरलं नाही, तेवढी सभ्यता पाळली. पण प्रश्न तोच. मी खरं सांगितलं. सकाळी चहा, मग शाळा सुटेपर्यंत घोटभरही पाणी नाही. शाळेत बायकांसाठी सोयच नव्हती. आम्ही तिघी मास्तरणी पाणी न पिऊनच नोकरी करत होतो.

अप्पांनी इसबगोलाची पुडी बांधली. एक चमचा, पेलाभर पाण्यातून, लगेच, फुगायच्या आत. वरनं आणखी एक पेला. पीठ चाळायचं नाही, कोंड्यासकट भाकरी. मेथी, चाकवत, जी मिळेल ती पालेभाजी. रात्री मनुका भिजत घालायच्या. आणि जुलाबाची सवय लावायची नाही, आतडं आळशी होतं. पोटात कळ येऊन उलट्या झाल्या, ताप आला, तर त्यांच्याकडे यायचंच नाही, सरळ डॉक्टर गाठायचा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते बत्ता खांद्यावर टाकून शाळेत आले. हेडमास्तरांच्या खोलीत काय झालं ते आम्हाला दिसलं नाही, फक्त टेबलाचा आवाज ऐकू आला. आठवड्याच्या आत शाळेमागे पत्र्याचा आडोसा उभा राहिला. हेडमास्तर माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. मी अप्पांवर चिडले. असं धमकावून कामं करून घेतात का, म्हणून त्यांना बरंच सुनावलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. "हात आदी जातोय, बाई. डोकं मागनं येतंय," एवढंच म्हणाले.

हात कसा आधी जातो ते मी पुढं डोळ्यांनी पाहिलं. एका माणसानं रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून जुलाबाच्या गोळ्या घेऊन म्हाताऱ्या आईला दिल्या होत्या. एकीनं भागेना म्हणून तीन. रात्रभर जुलाब होऊन म्हातारी चिपाड झालेली. सकाळी तो तिला हातगाडीवर घालून दुकानासमोर आला आणि आता थांबायचं औषध द्या म्हणाला. अप्पा फळीवरून उतरले आणि त्याच्या अशी थोबाडीत दिली की तो गटारात बसला. तो उठायला लागला तशी दुसरी दिली. त्याच्या तोंडातून रक्त आलं. मग म्हातारीला खांद्यावर घेऊन अप्पा अनवाणी डॉक्टरांकडे पळाले. म्हातारी वाचली. तो मुलगा पुढं वर्षभर आमच्या गल्लीतून गेला नाही. आणि गोळ्या विकणाऱ्याला अप्पांनी बाजारात गाठून त्याची पेटी पालथी केली, गोळ्या टाचेखाली चिरडल्या आणि मधे पडलेल्या दोघांचे सदरे फाडले.

मला हे आवडायचं नाही. पण खोटं कशाला सांगू, आपल्या बाजूनं असा एक माणूस आहे याचा आधारही वाटायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. रेशनवर मिलो मिळायची, परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी पोटात दगडासारखी बसायची. भाजी दिसेना. नळाला एक दिवसाआड तासभर पाणी, तेही करंगळीएवढं. त्यामुळे अप्पांच्या दुकानापुढे रांग लागायला लागली. शहरातले लोक यायचे, तसे खेड्यांतून दुष्काळी कामावर आलेले, खडी फोडणारेही यायचे. सगळ्यांना जमालगोटा पाहिजे असायचा आणि अप्पा सगळ्यांना शिव्या देऊन इसबगोल द्यायचे.

गर्दीत प्रत्येकाला समजावून सांगायला वेळ मिळेना, तेव्हा त्यांनी मला विनंती केली. त्यांचं लिहिणं कानडी. मी रोज संध्याकाळी बसून चिठ्ठ्या लिहायची, वळणदार अक्षरात: एक चमचा, पेलाभर पाण्यातून, वर एक पेला पाणी. चिठ्ठी पुडीत जायची. मला त्या कामाचा अभिमान वाटायचा. फळ्यावर लिहावं तसं नीट लिहायची.

खडीच्या कामावरची एक बाई एकदा आली. काटकुळी, हाताला चिंध्या बांधलेल्या. पाच दिवस झाले म्हणाली. अप्पांनी मनगट धरलं आणि लगेच सोडलं, इतकं ते बारीक होतं. पाणी पी, म्हणाले. ती व्हय म्हणाली. पुडी घेतली आणि गेली. मागे रांग होती.

चौथ्या दिवशी सकाळी तिचा नवरा आला. हातात खडी फोडायची हातोडी. मी जिन्यात उभी होते, शाळेला निघालेली. त्यानं काही विचारलं नाही, पहिला घाव बरण्यांवर घातला. काचा उडाल्या, सनाय, हिरडा, ओवा सगळं रस्त्यावर सांडलं. माणसं मागे सरली. अप्पा उभे राहिले आणि त्यांचा उजवा हात वर गेला, नेहमीसारखा, आधी.

"माझी बायकू मराय लागली," तो म्हणाला. "तुझ्या पुडीनं प्वाट फुगलंय. दवाखान्यात हिरवं वकतीया."

अप्पांचा हात तिथंच थांबला. "पाणी किती प्याली?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हळू आवाजात विचारलं असेल.

"पानी? पानी कुटं हाय?" त्यानं कंबरेची चिठ्ठी काढून फळीवर टाकली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. "आमास्नी वाचाय येत न्हाय. आन वाचली असती तर पानी कुटनं आणायचं हुतं? कामावर सगळ्यांत एक रांजण. तिनं पुडी तशीच फाकली की, सगळी."

आणि त्यानं हातोडी मारली. अप्पांनी वर गेलेला हात खाली आणून फळीवर ठेवला होता, तो काढला नाही. मी हे शपथेवर सांगू शकते. त्यांना काढता आला असता. असल्या चार माणसांना त्यांनी गल्लीबाहेर फेकलं असतं. हाडं मोडल्याचा आवाज मला जिन्यात ऐकू आला. दुसरा घाव खांद्यावर बसला, तेव्हा लोकांनी त्या माणसाला धरलं आणि बडवायला सुरुवात केली. अप्पा कानडीत ओरडले. काय ते मला कळलं नाही, पण लोक थांबले. मग डाव्या हातानं त्यांनी त्या माणसाचं मनगट धरलं आणि म्हणाले, "चल. कुठल्या दवाखान्यात हाय?"

तो मोडका हात लोंबत ठेवून ते सरकारी दवाखान्यात गेले. आधी डॉक्टरांना काय दिलं, किती दिलं, कसं दिलं ते सगळं सांगितलं, मग स्वतःचा हात दाखवला. इसबगोलाचा कोरडा भुसा आतड्यात गोळा होऊन बसला होता. बाईच्या नाकातून नळी, हातात सलाइन. पोट फाडावं लागेल, असंही डॉक्टर म्हणत होते. तीन दिवस अप्पा आणि तिचा नवरा व्हरांड्यात एकाच बाकावर बसून होते, एकाचा हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्याचा चेहरा सुजलेला. पोलिसात कुणीच कुणाविरुद्ध गेलं नाही. मी रोज शाळा सुटली की जायची. चिठ्ठी माझ्या अक्षरात होती. न वाचता येणाऱ्या बाईच्या हातात चिठ्ठी देऊन मी घरी निवांत झोपले होते, आणि मी म्हणे शिक्षिका.

तिसऱ्या दिवशी तिचं पोट मोकळं झालं. नवरा बाकावरून उठला आणि भिंतीवर डोकं आपटून रडला. अप्पा रडले नाहीत. मला म्हणाले, "अक्षर चांगलं हाय तुमचं, बाई. वाचणारा पायजे की."

त्यानंतर त्यांनी पुडी बांधणं बंद केलं. दुकानाच्या पायरीवर तांब्याचा हंडा आणला, वर पितळी पेला. ज्याला इसबगोल पाहिजे त्यानं इथंच घ्यायचं, त्यांच्यासमोर. एक पेला त्यातनं, एक पेला वरनं. "पेला उलटा करून दाखव." थेंब पडला तर चालायचं, घोट पडला तर पुन्हा भरायचा. घरी पाणी नसेल त्यानं भुश्याला हातही लावायचा नाही, रोज इथं यायचं. चिठ्ठी नाही, काही नाही.

पण त्या हंड्यात पाणी कुठून येणार? ते नळावरून. पेठेतल्या नळावर तेव्हा काय चालायचं ते आजच्या माणसाला सांगून पटणार नाही. कळश्यांनी डोकी फुटायची. एकमेकींच्या झिंज्या धरून बायका चिखलात पडायच्या. त्या गर्दीत अप्पा प्लास्टरचा हात छातीशी धरून डाव्या हातात कळशी घेऊन उभे राहायचे. घरात नवराबायको दोघंच, तुम्हाला हंडाभर कशाला, म्हणून बायका त्यांना ढकलायच्या. एकीनं तर घागर पाठीत घातली. ते मार खात पुढं सरकत राहायचे.

प्लास्टर निघाल्यावर एके दिवशी त्यांची कळशी भरली आणि शेजारच्या एका दांडगट माणसानं ती लाथेनं उलथवली. गिऱ्हाइकाला पाजायला पेठेचं पाणी नेतो काय, म्हणाला. पाणी मातीत गेलं. अप्पांनी उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं वाकडी जुळली होती, मूठ वळत नव्हती. मी त्यांच्या मागेच होते, रिकामी लोखंडी बादली घेऊन. ती मी त्या माणसाच्या कानशिलात घातली. मी, जी वर्गात कधी छडीला हात लावत नसे. तो खाली बसला आणि मी दुसऱ्यांदा बादली उचलली, तेव्हा बायकांनी मला आवरलं.

"हात आदी गेला की, बाई," अप्पा म्हणाले.

डोकं येईल मागनं, मी म्हटलं. मग मी तिथंच, ओरडून, त्या खडीवाल्या बाईची सगळी हकिकत सांगितली. ज्या बाईनं घागर मारली होती तिनं आपल्या घागरीतलं तांब्याभर पाणी अप्पांच्या कळशीत ओतलं, शिव्या देतच. दुसऱ्या खेपेला आणखी दोघींनी ओतलं. सगळ्यांनी नाही. त्या दांडगटानं तर शेवटपर्यंत नाही.

दुष्काळ सरला, पण हंडा तिथंच राहिला. ती खडीवाली बाई आणि तिचा नवरा पुढं शहरातच राहिले, तो अडत बाजारात हमाली करायला लागला. ती अधूनमधून यायची. अप्पांचा आवाज तसाच मोठा होता, पण बत्ता काही त्यांच्या हाताला पेलेना. पेलासुद्धा ते दोन्ही हातांनी धरायचे.

काही वर्षांनी उन्हाळ्यातच ते गेले, झोपेत. त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. भेटायला येणाऱ्यांना तहान लागेल म्हणून त्यांच्या बायकोनं हंडा भरून पायरीवर ठेवला होता. मी पायरीवर बसून होते.

दुपारी ती खडीवाली बाई आली. पेला भरला, सगळा प्याली. पुन्हा भरला, तोही प्याली. मग बंद दाराकडे तोंड करून तिनं पेला उलटा धरला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. एक थेंब पायरीवर पडला. मला तिथं पहिल्यांदा रडू फुटलं.

तिनं पेला तिसऱ्यांदा भरला आणि माझ्यापुढं केला. "घ्या, बाई," म्हणाली. "तुमी सकाळपास्नं प्याला नसशीला."

खरंच प्याले नव्हते.