नुसतं बघायला

आमच्या घरातली बाई शहरात जायची ती दवाखान्याला, लग्नाला, नाहीतर कुणाच्या बाळंतपणाला. म्हणून मी आणि माझी मोठी जाऊ हैदराबादला निघालो, तेव्हा सासऱ्यांनी आधी विचारलं, "कोण आजारी हाय?"

"कुणी न्हाई. शहर बघायचंय," मी म्हणाले.

घरात हशा पिकला. धाकटा दीर म्हणाला, "तिथला रस्ता तरी वलांडता येईल का तुमाला?" मोठ्या जावेला मी अक्का म्हणते. इतक्या वर्षांत ती कुणाला उलटून बोललेलं मी ऐकलं नव्हतं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "न्हाई आला तर अलीकडंच उभं राहू. पन जाऊ."

सोयाबीन घरात आलं होतं. आम्ही हदगावहून एसटीनं नांदेड गाठलं आणि तिथून रेल्वेनं हैदराबाद. अक्काचा मावसभाऊ तिथं कंपनीत नोकरीला आहे. तो स्टेशनवर घ्यायला आला आणि घरी पोचताच त्यानं हुकूम सोडला. "अक्का, एकट्या कुठं जायचं न्हाई. हरवाल. रविवारी मी गाडीतून दाखवतो सगळं."

"रविवारी आमी गावाकडं असू," अक्का म्हणाली.

"मग पुढच्या वेळेस."

तो ऑफिसला गेला. आम्ही पिशव्या उचलल्या तशी त्याची बायको दारात आली. निलंग्याकडची पोर, फार बोलत नसे. "ताई, कुठं चाललाव तुमी?"

"चारमिनारला. तू पायलास का?" अक्कानं विचारलं.

ती जरा थांबली. "चार वर्षं झाली इथं येऊन. दर वेळेस रविवारी जाऊ म्हणतेत. अजून न्हाई." मग आत गेली, साडी बदलून आली आणि दाराला कुलूप लावलं.

तिघी मेट्रोच्या स्टेशनात शिरलो आणि सरकत्या जिन्यापुढं अक्काचे पाय अडले. पायऱ्या जमिनीतून निघत होत्या आणि वर जात होत्या. अक्का पाऊल उचलायची, मागं घ्यायची. मागं गर्दी साचली. एक पोरगा वैतागून म्हणाला, "आंटी, जल्दी करो ना."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण अक्कानं वळून त्याच्याकडं पाहिलं. "रुक जरा, बाबा. हम बी पैसे देके जारे." मुदखेडच्या बाजारात ऐकू येते तसली तिची बोली. तो पोरगा हसला आणि एक पाऊल मागं सरला. अक्कानं माझा दंड धरला, नातवाला पाण्यात सोडताना धरावा तसा घट्ट, आणि पाय टाकला. वर पोचल्यावर ती दम घेत म्हणाली, "उतरताना बी ह्यावरूनच."

मेट्रोतून उतरून रिक्षानं चारमिनारला पोचलो आणि तिकीट काढून आतल्या गोल जिन्यानं चढलो. अंधारा, अरुंद, पायऱ्या झिजलेल्या. वर सज्जात आलो तर खाली सगळा बाजार, बांगड्यांची दुकानं, रिक्षा, माणसंच माणसं. कुणाला आमचं काही पडलेलं नव्हतं. मला ते फार आवडलं. गावात मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं तरी दहा जणी विचारतात, कुठं निघालीस? इथं मी कुठंही निघू शकत होते.

तेवढ्यात भावजयीचा फोन वाजला. नवऱ्याचा होता. तो इतक्या मोठ्यानं बोलत होता की आम्हाला ऐकू येत होतं. "कुठं हायस तू?"

"चारमिनारवर," ती म्हणाली.

"कुणाला इचारून गेलीस?"

ती घाबरेल असं मला वाटलं. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुमालाच इचारायले की. चार वर्षं झाली." आणि तिनं फोन ठेवला. पदर सावरून ती परत कठड्याशी गेली, पुढं वाकून बघायला.

संध्याकाळी तो फुगून, ताटातच बघत जेवला. आम्हीही समजूत काढायला गेलो नाही. पोटभर जेवलो आणि उद्या गोवळकोंड्याला जायचं त्याच्यासमोरच ठरवलं.

सकाळी बुटाची लेस बांधता बांधता तो बसचा नंबर पुटपुटला. नंबर चुकीचा निघाला. आम्ही विचारत विचारत पोचलो.