गळ्याचा संत टाकानिनीत

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. गॅरेजमधल्या सामानासारखे ते आपोआप साठत जातात आणि एक दिवस शटर वर केलं की सगळे एकदम अंगावर येतात. आमच्याकडे हा दिवस तीन फेब्रुवारीला येतो. त्या दिवशी संत ब्लेझचा सण असतो. न्यूझीलंडमधली, रोटोटुनापासून टाकानिनीपर्यंतची आम्ही वसईची दहा-बारा घरं एकत्र जमतो, आणि जेवणं झाली की कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो एअरपोर्टचा किस्सा सांग ना."

या किश्श्यांच्या मध्यभागी फिलोमिना मावशी. खरं तर ती माझी सासू. वसईच्या शाळेत तिने तीस वर्षं मराठी शिकवलं. सगळं जग तिला मावशी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. आमच्याकडे कायमची राहायला आली तेव्हा एका बॅगेत साड्या होत्या आणि दुसऱ्या बॅगेत संत ब्लेझ.

•••

संत म्हणजे दीड फुटी लाकडी पुतळा. मावशीच्या भावाने फणसाच्या लाकडात कोरलेला. तो वारला, त्याच्या हातचं हे शेवटचं काम. आता न्यूझीलंडमध्ये लाकूड आणायचं म्हणजे किडीची तपासणी आलीच. मावशीने फॉर्मवर प्रामाणिकपणे 'लाकूड' आणि 'मेण' दोन्ही लिहिलं. काउंटरवरच्या सामोअन बाईने पुतळा उलटापालटा करून विचारलं, "इज इट ट्रीटेड?"

म्हणजे लाकडाला औषध मारलंय का. मावशी म्हणाली, "नो नो. ही वॉज द डॉक्टर. ही ट्रीटेड अदर्स."

बाईला काही कळेना. मग मावशीने मागची रांग थांबवून तिला सगळं चरित्र सांगितलं. आर्मेनियातल्या सेबास्टे गावचा हा वैद्य. लोकांनी त्याला बिशप केलं. ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला तेव्हा तो डोंगरातल्या गुहेत राहिला, तिथे आजारी जनावरं त्याच्याकडे यायची. शिकाऱ्यांनी त्याला पकडलं. तुरुंगाच्या वाटेवर एका बाईचं पोर घशात माशाचा काटा अडकून गुदमरत होतं, त्याला याने वाचवलं. म्हणून तो गळ्याचा संत. शेवटी त्याचं डोकं उडवलं, पण त्याने धर्म सोडला नाही.

बाईने टॉर्च घेऊन पुतळ्याचा तळ तपासला. भोक नाही, भुसा नाही. पण मधमाशीच्या मेणाच्या दोन मेणबत्त्या तिने बाजूला काढल्या. मेण आत येऊ देता येत नाही म्हणाली.

मावशी म्हणाली, "कँडल्स यू कीप. बिशप यू गिव्ह."

त्या बाईने बाकी सगळं सामान काउंटरवरून ढकललं होतं. बिशप मात्र दोन्ही हातांनी उचलून दिला.

•••

पहिल्या सणासाठी मी चर्चमागचा हॉल बुक केला. ईमेलमध्ये लिहिलं, शनिवारी आमचा ब्लेझ आहे, साठ माणसं येतील, मेणबत्त्याही असतील. स्पेलिंग चुकलं असणार, कारण केअरटेकरचं उत्तर आलं: "हॉलमध्ये कसलाही ब्लेझ करता येणार नाही. बाहेरही नाही. उन्हाळ्यात आग पेटवायला बंदी आहे."

मी फोन करून सांगितलं, आग नाही हो, बिशप आहे. तो आला, शांतपणे पुतळ्याकडे बघितलं, आणि तरीही शेजारी एक फायर एक्स्टिंग्विशर ठेवून गेला.

•••

ब्लेझची आणखी एक कथा आहे. एका गरीब विधवेचं एकुलतं एक डुक्कर लांडग्याने पळवलं. बिशपने लांडग्याला समजावलं आणि लांडग्याने डुक्कर परत आणून दिलं. मावशीने याची नाटिका बसवली. विधवा ती स्वतः, लांडगा माझी सात वर्षांची मुलगी अन्या. अन्याला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये येतं. तिला एकच वाक्य पाठ करायचं होतं: "आजी, माझी चूक झाली, हे घ्या तुमचं डुक्कर." महिनाभर जेवणाआधी रोज म्हणून घेतलं.

स्टेजवर लांडगा आला. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, हातात कापडी डुक्कर. समोर साठ लोक बघून वाक्य गेलं. अन्याने आजीकडे बघितलं, डुक्कर पुढे केलं आणि म्हणाली, "सॉरी आजी. हिअर्स युअर पिग. स्वीट अ‍ॅझ."

'सगळं मस्त' म्हणायची ही इथल्या पोरांची पद्धत. हॉल हसून लोटपोट. मावशीने शांतपणे डुक्कर घेतलं, लांडग्याच्या डोक्यावरून हात फिरवला. गाडीत बसल्यावर मात्र तिच्यातली मराठीची बाई जागी झाली.

"स्वीट अ‍ॅझ काय? कशासारखं गोड?"

"जस्ट स्वीट अ‍ॅझ, आजी."

"असं नाही चालत बाळा. उपमा अर्धवट सोडायची नाही."

•••

आमच्या चर्चमध्ये हेमी अंकल म्हणून एक माओरी गृहस्थ आहेत. सत्तरी ओलांडलेली, रुंद खांदे, वाकलेली पाठ. आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरली. बोलणं फार कमी. भेटल्यावर 'किया ओरा' आणि निघताना 'सी या', यांच्यामध्ये सहसा काही नाही.

दुसऱ्या वर्षी चहाच्या वेळी त्यांनी मावशीला विचारलं, याचं डोकं उडवलं, त्याआधी काय केलं? मावशीने सांगितलं, लोकर विंचरायच्या लोखंडी फणीने अंग ओरबाडलं. फणीला तिने 'कोम्ब' म्हटलं. लोकर कातरायच्या मशीनच्या पुढे जे दातेरी पातं असतं, त्यालाही इथे कोम्बच म्हणतात. ती वेगळी वस्तू, पण दात दातच.

हेमी अंकल बराच वेळ पुतळ्यासमोर उभे राहिले. चहा तसाच ठेवून गेले. पुढच्या रविवारी रुमालात गुंडाळून एक जुनं कोम्ब घेऊन आले. दात झिजून बोथट झालेले. ते त्यांनी संताच्या पायाशी ठेवलं आणि मावशीला म्हणाले, "हा आमच्या लोकर कातरायच्या शेडमधला माणूस आहे."

तेव्हापासून मिरवणुकीत पुतळा उचलायचा मान त्यांचा. पाठ वाकलेली असली तरी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

•••

ब्लेझच्या सणाला पाद्री दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून प्रत्येकाच्या गळ्याला लावतात आणि आशीर्वाद देतात. आमचे फादर टॉम मूळचे आयरिश, मनाने आता वसईचे. एका वर्षी सगळ्यांचे गळे आशीर्वादित करून ते जेवायला बसले. स्नॅपर माशाचा रस्सा होता. दुसऱ्याच घासाला त्यांचा हात गळ्यावर गेला आणि चेहरा लाल झाला. आवाज नाही, खोकला नाही.

माझी बायको रीना नर्स आहे. तिने ताट टाकलं, फादरना पुढे वाकवलं आणि खांद्यांच्या मधोमध सणसणीत पाच रट्टे दिले. पाचव्याला काट्यासकट मोठा तुकडा बाहेर पडला.

फादर पाणी प्यायले, मग श्वास घेतला. मावशी अभिमानाने म्हणाली, "ब्लेझही डॉक्टरच होता. ही त्याच्याच लायनीतली."

फादर म्हणाले, "मी आज साठ गळ्यांना आशीर्वाद दिला. माझ्या गळ्याला कुणी दिला?"

आता दर वर्षी पहिला गळा फादरांचा असतो. मेणबत्त्या मावशी धरते.

•••

आणि हा आप्पांचा.

मंदार जोशी माझ्या ऑफिसात आहे. पुण्याचा, राहतो हिल्सबरोला. त्याचे वडील आप्पा तरुणपणापासून कबड्डीच्या सामन्यांचं माईकवरून वर्णन करायचे. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं म्हणे. त्यांना घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढणार होते. मंदारने लंचला मला बाजूला घेतलं. "तुमच्यात तो गळ्याचा संत आहे ना? आप्पा विचारत होते. चालेल का?"

मी घरी मावशीला विचारलं. "मावशी, ते हिंदू आहेत."

"गळा आहे ना?" ती म्हणाली. "मग आण."

आप्पा आले. रांगेत उभे राहिले. मेणबत्त्या लागल्या. नंतर घोगऱ्या आवाजात त्यांनी मावशीला विचारलं, "बाई, खरं सांगा. याचा उपयोग होईल?"

मावशी आयुष्यात कुणाशी गोड खोटं बोललेली नाही. म्हणाली, "मला माहीत नाही, आप्पा. त्याची स्वतःचीच मान वाचली नाही."

आप्पा हसायला लागले. मंदार मला नंतर म्हणाला, "तीन महिन्यांत पहिल्यांदा हसले."

पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. माणूस वाचला, आवाज गेला. गळ्याला एक भोक राहिलं. आत एक छोटी झडप बसवली होती. भोकावर अंगठा दाबून बोलायला शिकायचं. आप्पा महिनोन्‌महिने दार लावून सराव करायचे. घरच्यांसमोर बोलायचे नाहीत, पाटीवर लिहायचे. टाकानिनीला आमच्या घरी मात्र वरचेवर यायचे. मावशीशी पत्ते खेळायला जातो, असं मंदारला लिहून सांगायचे.

या वर्षीच्या सणाला प्रार्थनेनंतर मावशी नेहमीसारखी संताचं चरित्र मराठीत वाचायला उठली. कागद हातात घेतला, आणि न वाचता दुसऱ्या रांगेत बसलेल्या आप्पांना नेऊन दिला.

आप्पा पुढे गेले. शर्टाचं वरचं बटण काढलं. अंगठा गळ्यावर ठेवला.

आवाज सपाट होता, लांबच्या फोनवरून आल्यासारखा. दर वाक्याला अंगठा उचलायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा दाबायचा. "आर्मेनिया देशात. सेबास्टे गावी. ब्लेझ नावाचा. एक वैद्य होता." गुहा आली, लांडगा आला, काट्याचं पोर आलं. दोन मिनिटांच्या कागदाला अकरा मिनिटं लागली. पोरंसुद्धा हलली नाहीत. हेमी अंकलना मराठीचा एक शब्द येत नाही, ते शेवटपर्यंत उभे होते.

मंदार मागच्या भिंतीशी उभा राहून फोनवर शूटिंग करत होता. पुण्याला बहिणीला पाठवायचं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने मला तो व्हिडिओ दाखवला. पहिली काही सेकंदं आप्पा दिसतात. मग चित्र हळूहळू खाली येतं आणि पुढची अकरा मिनिटं फक्त फरशी आणि मंदारचे बूट दिसतात.

आवाज मात्र पूर्ण आहे.