श्वास बघणारी शालू

कल्याणच्या दवाखान्यातून नर्सबाईंचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याखालीच चहा प्यायला गेलेलो. धावत वर येईपर्यंत माझी बायको, शालू, गेली होती... सगळा जन्म सोबत काढला आणि नेमका तेव्हा मी टपरीवर!

आमच्या डोंबिवलीच्या घरात देव्हारा कधी नव्हताच. मी वर्तकनगरच्या कारखान्यातला युनियनवाला, ती माझ्याहून कडक. नव्या घराला साधा नारळ फोडू दिला नाही. म्हणून गुडघ्यांनी हैराण होऊन ती खडवलीकडे विपश्यनेच्या शिबिराला गेली, तेव्हा मी भडकलो. "देव हाकलले, आता बुद्ध आणतेस?"

"अहो, कोण आणतंय? नाक माझं, श्वास माझा. नुसता बघायचा."

वरच्या काकू हळूच विचारून गेल्या, "वहिनींनी धर्म बदलला का हो?" समोरच्या सुनंदाताई जन्माने बौद्ध. त्यांना हे कळलं तेव्हा पोट धरून हसल्या. "काका, आम्ही वंदना म्हणतो. पण असं तासभर गप्प बसणं माझ्या बापजन्मात जमणार नाही!"

मग शालूची फुप्फुसं गेली. रोज श्वास बघणाऱ्या बाईला दगा दिला तो श्वासानेच. ह्याची चीड मला अजून आहे. तिच्या नाकात नळी, आणि मी विचारलं, "झाला का काही फायदा त्या बसण्याचा?"

"दम लागतोच हो... पण मी घाबरत नाही आता. घाबरताय तुम्ही."

ती गेल्यावर सुनेने तिच्या बसायच्या जागी बुद्धाची मूर्ती मांडली. हार, उदबत्ती, सगळं. आलेगेले पाया पडू लागले. शिबिरातली एक बाई म्हणाली, श्रद्धा नव्हती म्हणून त्यांना पुरतं फळ मिळालं नाही. मी तिला दार दाखवलं. मूर्ती सुनंदाताईंकडे नेऊन दिली, तिथे तिचा मान राहील. सून अजून रुसलेली आहे.

आता त्या जागेवर मी बसतो. विश्वास काडीचा नाही. डोळे मिटले की दवाखाना दिसतो, डोकं तापतं. शालूला मिळालं ते मला मिळेल की नाही, कुणी सांगावं... ती बसायच्या आधी बजावायची, "अहो, कुकरकडे बघा." शांत ती बसायची, गॅसकडे लक्ष माझं. आता मी जरा टेकलो की कुकर ओरडतो. शिव्या घालत उठतो, गॅस बंद करतो, आणि परत येऊन बसतो.