घरमालकांची बाग

नगरपालिकेनं न केलेल्या कामांचा मनसोक्त उपभोग घेणारा माणूस अख्ख्या उस्मानाबाद जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि माझं नशीब असं थोर की मी त्याच्याच घरात भाड्यानं राहायला गेलो. आमचे घरमालक एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. अंगावर खाकी नव्हती एवढंच. बाकी कानावर पेन्सिल तशीच, आणि ओसरीवर चार माणसं जमली की तोंडातून आपसूक ‘पुढं सरका, पुढं सरका’. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांचा त्यांना भारी संताप. "माणूस न्हाय तर शीट न्हाय! निम्मी नौकरी रुमाल उचलून फेकण्यात गेली माझी," असं अभिमानानं सांगायचे. मी जिल्ह्यातल्याच वाशीकडचा, नगरपालिकेत नवा लागलेला कारकून. खोली दाखवताना त्यांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. एवढंच विचारलं, "आराखड्यातली बाग कुठवर आली?"

त्याचं असं झालं होतं. मोठ्या दुष्काळात निम्मं गाव खडी फोडायला गेलेलं. पुढं पावसानं जरा बरं तोंड दाखवलं आणि नगरपालिकेला एकदम स्वप्नं पडायला लागली. विकास आराखडा तयार झाला. चौकात मांडव घालून नगराध्यक्षांनी तो वाचून दाखवला: जलकुंभ, वाचनालय, भाजी मंडई, आणि वेशीबाहेरच्या माळावर महिला व बालकांसाठी बाग. ऐकायला काकूही गेल्या होत्या. काकू म्हणजे आमच्या घरमालकीण, जळकोटच्या माहेरवाशीण. लग्न होऊन आल्यापासून त्यांची एकच तक्रार: "ह्या गावात बाप्यांना पार हाय, हाटेल हाय, स्टँड हाय. बाईमाणसानं घटकाभर टेकायचं कुठं?" परत येताना त्यांनी विचारलं, "कवा व्हायची म्हणं बाग?" आणि काकांनी, जणू स्वतःच नगराध्यक्ष असल्यासारखं, सांगून टाकलं, "पुढच्या साली!" झालं. तेव्हापासून ती बाग नगरपालिकेची राहिली नाही. काकांनी बायकोला दिलेला तो शब्द होता.

पुढचं साल आलं, गेलं. माळ होता तसाच. दुसरा कुणी असता तर अर्ज केला असता, शिव्या दिल्या असत्या. काका रोज पाचच्या ठोक्याला बागेत जाऊन बसायला लागले. हातात छत्री, पाण्याचा तांब्या, खांद्यावर टॉवेल. एक चपटा धोंडा होता, तो बाक. दोन बाभळींमधली मोकळी जागा, ते फाटक. चारी बाजूंनी उघडा माळ, पण हा गृहस्थ त्या दोन बाभळींमधूनच आत शिरणार! मी एकदा आडवा चालत गेलो तर केवढ्यानं ओरडले, "अहो, तिकडनं कुठं? फुलझाडं हायत तिथं!" सांगायला लाज वाटते, पण मी टुणकन उडी मारून बाजूला झालो. लोहाऱ्याच्या जीपमधून उतरलेल्या एका पाहुण्याला त्यांनी ‘वाचनालयापासनं उजवीकडं, मंडई ओलांडली की तिसरं घर’ असा पत्ता सांगितला. बिचारा तासभर फिरत होता. मी वैतागून म्हणालो, "काका, अहो यातलं काहीच झालेलं नाही!" तर म्हणाले, "आराखडा म्हंजे तिकीट, साहेब. तिकीट फाडलं की शिटावर हक्क पाशिंजराचा. गाडी लागली न्हाय, ही डेपोची चूक. आपुन जागा सोडायची न्हाय."

काकू मात्र एकदाही गेल्या नाहीत. "बाग झाल्यावर बोलवा. धोंड्यावर बसाय मला याड न्हाय लागलं." दिवेलागणीला काका परतले की चहा पुढं करत विचारायच्या, "फुलली का बाग?" काका मान खाली घालून म्हणायचे, "कळ्या हायत."

आराखड्याचा वार्षिक प्रगती अहवाल लिहायचं काम माझ्याकडं. वाक्य ठरलेलं: ‘काम प्रगतिपथावर आहे’. जलकुंभ प्रगतिपथावर, मंडई प्रगतिपथावर, वाचनालयही तिथंच. एवढी कामं त्या एका पथावर, की तिथं चालायला जागा नसावी. काका माझी कच्ची प्रत ओसरीवर बसून तपासायचे, चेकिंगला आल्यासारखे. "खोटं. खोटं. हे बी खोटं." एका वर्षी मी चिडलो आणि बागेपुढं लिहून टाकलं, ‘नागरिक नियमित लाभ घेत आहेत’. निव्वळ चेष्टा! काकांनी ते दोनदा वाचलं आणि गंभीरपणे म्हणाले, "हे मात्र खरं लिव्हलंत." मुख्याधिकाऱ्यांनी सवयीनं न वाचता सही केली आणि अहवाल जिल्ह्याला गेला.

नेमकं त्याच साली आमच्या उपाध्यक्षांच्या डोळ्यात तो माळ भरला. ते खताच्या सहकारी सोसायटीचे चेअरमनही होते आणि सोसायटीला गोदाम बांधायचं होतं. ‘जागा निरुपयोगी पडून आहे, बागेचं आरक्षण उठवावं’ असा ठराव त्यांनी पास करून घेतला. जिल्ह्याच्या साहेबांच्या टेबलावर एकाच नगरपालिकेचे दोन कागद. एक म्हणतो निरुपयोगी, दुसरा म्हणतो लाभ घेत आहेत. साहेबांनी कळवलं, गुरुवारी पाच वाजता स्वतः येऊन बघतो. माझं धाबं दणाणलं. नोकरी गेलीच म्हणून समजा! काकांना सांगितलं तर त्यांचा चेहरा माझ्याहून उतरला. "एकटा माणूस म्हंजे नागरिक व्हय हो? एका पाशिंजरावर गाडी सुटत न्हाय," असं म्हणून ते भिंतीला टेकून बसले. आत काकूंच्या भांड्यांचा आवाज थांबला होता, ते मला उगाच आठवतं.

गुरुवारी काका धोंड्यावर ताठ बसलेले, शेजारी मी घामाघूम. जीप आली. उपाध्यक्ष हसत म्हणाले, "बघा साहेब, हीच ती बाग. एक म्हातारा आन् दोन बाभळी." साहेबही हसले. तेवढ्यात वेशीकडून काकू येताना दिसल्या. ठेवणीतलं इरकली लुगडं, काखेत चटई. मागं आमच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या बाया, त्यांच्यामागं भीमनगरच्या बाया. कुणाच्या हातात निवडायचं सूप, कुणाच्या सुया-लोकर, कुणाच्या कडेवर लेकरू. सगळ्या त्या दोन बाभळींमधून एकामागं एक आत आल्या. एकजण आडवी निघाली तशा काकू खेकसल्या, "अगं ए, तिकडनं न्हाय! फुलझाडं हायत!"

ज्या बाईनं त्या माळावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं, तिला वाफे कुठं आहेत ते तोंडपाठ होतं. काकांनी टॉवेलनं तोंड पुसायला सुरुवात केली ती बराच वेळ पुसतच राहिले.

साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही रोज येता इथं?"

"खोटं कशाला बोलू? आमचं माणूस रोज येतं. ह्या सगळ्या आन् मी आजपास्नं येणार."

साहेब जीपकडं परत जाताना वाकडी वाट करून बाभळींमधून गेले, तेव्हाच मी ओळखलं. ठराव बारगळला, माझी नोकरीही वाचली. आणि काकू बोलल्याप्रमाणं खरंच रोज काकांबरोबर जायला लागल्या. धोंड्यावर त्या बसायच्या, काका खाली चटईवर.

खरी बाग फार उशिरा झाली. लोखंडी फाटक, घसरगुंडी, सिमेंटचे बाक, सगळं अगदी आराखड्याबरहुकूम. तोवर काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. उद्घाटनाचे हार-तुरे आटोपून गर्दी पांगल्यावर काका एका बाकाच्या कडेला जाऊन बसले. मी शेजारी टेकायला गेलो, तर त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून घाईघाईनं त्या जागेवर टाकला.

"तिथं नगा बसू, साहेब," ते म्हणाले. "ती शीट धरल्याली हाय."

मी समोर गवतावर बसलो.